पुढे सरका

स्वारगेट-कात्रज, बारा वर्षं झाली.
दिवसातून हजारदा म्हणतो, पुढे सरका, पुढे जागा आहे.
जागा नसते. तरी माणसं सरकतात.

रविवारी रजा टाकली.
पानशेत रस्त्याला नवं पार्क झालंय,
पाण्याच्या घसरगुंड्या, उलटं होणारं जहाज,
कमानीवर फायबरचा हत्ती, एक सुळा गळालेला.
माझी दोन, भावाची दोन.
नीलमने आदल्या रात्रीच चौघांच्या मनगटांवर
बॉलपेनने माझा नंबर लिहिला,
वर चिकटपट्टी दाबून बसवली.
म्हटलं, कशाला? मी मोजतोच की.
माझं कामच ते.

गेटवर उंचीची रेघ होती,
आमच्या बसच्या दांड्यावर असते तशी, अर्ध्या तिकिटाची.
बसमध्ये आया हळूच म्हणतात, वाक जरा.
इथे यशोधन टाचा उंचावून उभा.
मी खांद्यावर हात ठेवला, टाचा खाली आल्या.
रुसला. रुसू दे.

हत्तीखाली चौघांना सांगितलं,
चुकलात तर पळायचं नाही, शोधत फिरायचं नाही.
कोणी म्हणालं, चल, पप्पा तिकडे आहेत,
तरी जायचं नाही.
जिथे आहात तिथेच थांबायचं.
मी येतो.
जुईने विचारलं, किती वेळ थांबायचं?
म्हटलं, मी येईपर्यंत.

मग मोजत राहिलो.
लाटांच्या तळ्यात गुडघाभर पाण्यात, चार.
कणसाच्या गाडीपाशी, चार.
चड्ड्या बदलताना एक ओली, एक उलटी, पण चार.
पिंट्याची एक चप्पल तळ्यात गेली,
चपला सात, पोरं चार.
आणि सुट्टे पैसे खिशात टाकून मान वर केली, तर
तीन.

पुन्हा मोजलं.
रात्री डेपोत हिशेब जुळला नाही
की कंडक्टर बॅग उलटी करतो,
तसं ते पार्क उलटं करत सुटलो.
जहाज. भूतबंगला. बायकांच्या बाथरूमबाहेर
येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला विचारलं.
नीलम तळ्याच्या काठाने चालत होती,
एक शब्द नाही,
पाण्यावरून नजर काढत नव्हती.
भोंग्यावर पुकारा झाला, त्यांनी जुईची जाई केली.
गणवेशातल्या पोरीने विचारलं, कपडे कोणते, काका?
पासवाल्या म्हाताऱ्यांचे चेहरे मला पाठ,
कोण कुठल्या स्टॉपला उतरतं ते पाठ,
फ्रॉकचा रंग
आठवेना.

सगळीकडे बघून झालं.
मग, का कोण जाणे,
जिथे शेवटचे चार मोजले होते तिथे गेलो.
भर उन्हात, तापलेल्या फरशीवर
जुई एका पायावर उभी होती, बगळ्यासारखी.
एक चप्पल तिने पिंट्याला दिली होती,
तो लहान आहे म्हणून.
उरलेल्या एकीवर
पाय आलटूनपालटून ठेवत होती.
एक बाई शेजारी पदराची सावली धरून उभी.
म्हणाली, कधीची सांगतेय, झाडाखाली चल.
हलतच नाही हो.

झाड दोन पावलांवर होतं.

का नाही गेलीस गं?
तुम्हीच म्हणालात ना.
तळवे लालबुंद, पट्टीखालचा नंबर
एकही आकडा न पुसता तसाच.

येताना बसमध्ये चौघंही झोपली.
मी तिकीट काढलं, स्वतःच्याच खात्याच्या गाडीत,
आणि दाराशी उभा राहिलो.
आमचा कंडक्टर ओरडला, पुढे सरका.
सरकलो नाही.

रात्री तिच्या तळव्यांना कोरफड लावता लावता
नियम दुरुस्त केला.
थांबायचं तिथेच. पण ऊन असेल तर
सावलीत सरकायचं.
किती?
दोन पावलं.
ती अर्धवट झोपेत. पाय मागे घेतला, गुदगुल्या झाल्या म्हणून.
मग विचारलं,
माझी, की तुमची?