तिसरा बूट

पशुपतिनाथाच्या दारात शिपायानं पिशवी चाचपली
आणि हात झटकन मागे घेतला.
"पाय आहे," मी म्हटलं. "यांचा.
डावा. गुडघ्याखालचा."
त्याला मराठी कळलं नाही, पाय कळला.
बूट काढून ठेवा म्हणाला.
देवाला पाय चालतो, चामडं चालत नाही.

जोडे सांभाळणाऱ्या सानुमैयानं माझ्या चपला घेतल्या,
मग तो बूट उलटसुलट केला,
माझ्या मागे वाकून त्याचा जोडीदार शोधला,
आणि तिघांना मिळून एकच बिल्ला दिला.
चौऱ्याहत्तर.

देवळात उजवं पाऊल आधी.
हे तेवीस वर्षं तसंच टाकत आले;
म्हणायचे, मला पुण्य आपोआप लागतं.

आत आधी नंदीची पाठच दिसते, सोनेरी, ही एवढी.
खाली बागमतीच्या काठी कुणीतरी जळत होतं.
एक मुलगा धुराकडे पाठ करून
फोनवर लाकडांचा हिशेब सांगत होता.
यांना नेलं तेव्हा पाय घरीच राहिला होता,
कपाटात, छत्रीशेजारी.
ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्यासुद्धा.

निघताना सानुमैया जेवायला गेलेली.
माझ्या चपला मीच उचलल्या.

दुपारी बांगेमुढाच्या चौकात
लाकडाचा एक ओंडका पाहिला, खिळ्यांवर खिळे ठोकलेला.
दात दुखणाऱ्यांचा देव.
पुढे ओळीनं दाताचे दवाखाने,
काचेत कवळ्या हसताहेत.
चहावाल्याला मोडक्या हिंदीत विचारलं,
नसलेला अंगठा रात्री खाजत असेल
तर खिळा कुठे ठोकायचा?
"इथे फक्त दात, दिदी," तो म्हणाला,
आणि न विचारता चहात साखर वाढवली.

पाटणला, तांब्याच्या भांड्यांच्या गल्लीमागे
आसाकाजी महर्जनांची संस्था.
संस्था म्हणजे दोन खोल्या, एक भट्टी
आणि भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेली पावलं.
त्यांनी पाय मांडीवर आडवा घेतला,
किल्लीनं चार स्क्रू सोडवले.
पाऊल वेगळं. नळी वेगळी.
उरलेली खोबण माझ्या हातात परत.
"ही एकाची दुसऱ्याला बसत नाही."

मी तर अख्खा पाय द्यायला आले होते.
खोबणीत अजून पावडर होती,
आणि पेन्सिलनं लिहिलेली तारीख.

बाकावर माइला थामी बसलेले, दोलखाचे.
कपाळाला पट्टा लावून जन्मभर लोकांची ओझी वाहिली,
मग एका पहाटे दरड आली.
त्यांनी पावलाची टाच अंगठ्यानं दाबून पाहिली.
विचारलं, हे कुठे कुठे चाललंय?
मी आठवू लागले.
बँक. मंडई. नातीच्या शाळेचं फाटक.
एकदा लिफ्ट बंद होती तेव्हा तिसरा मजला,
दोनदा थांबून.
डोंगर?
नाही.
ते हसले. "शिकेल."

गच्चीत जुन्या खोबणींतून सयपत्री लावलेली,
म्हणजे आपला झेंडूच.
एकीत कोथिंबीरही.
ठेवायची तर ठेवा, माती आहे, आसाकाजी म्हणाले.
मी नको म्हटलं. मग हो म्हटलं.
मग पुन्हा पिशवीत घातली.
नदीत सोडावी असंही येऊन गेलं मनात.
पण प्लास्टिक आहे.

संध्याकाळी टॅक्सीत खिशात हात गेला.
चौऱ्याहत्तर.

गाडी वळवायला लावली.
पलीकडच्या काठावर आरती सुरू झालेली.
सगळ्या फळ्या रिकाम्या, एक बूट सोडून.
सानुमैयानं दिवसभराची चिल्लर त्यातच टाकली होती.
ओशाळून तिनं ती ओटीत ओतली,
एक नाणं पुढे अंगठ्याशी अडकलं होतं,
ते बोट घालून काढलं.

किती झाले, विचारलं.
"जोडीचे दहा. एकट्याचं काही नाही."
राहू दे हा तुलाच, मी म्हटलं.
तिनं ऐकलं नाही.
पदरानं पुसून बूट माझ्या हातात दिला,
बिल्ला मागून घेतला
आणि त्याच्या खिळ्याला अडकवला.