गुडघ्यामागे

पुनोमध्ये धाप सगळ्यांनाच लागते.
चढावर लागते, बूट घालताना लागते,
खोटं बोलताना तर लागतेच.
म्हणून एलेउतेरिया कुतिपा म्हणाली,
"परवापासून श्वास पुरत नाही,"
तेव्हा तिची जाऊ हसली:
सातवा महिना, त्यात ही उंची,
इथे कुणाला पुरतो गं?

बोटावरचा चिमटा दाखवतो चौऱ्यांशी.
समुद्राकाठच्या पुस्तकांत हा आकडा म्हणजे आग.
इथे तो कुणाचाही असेल.
मी माझ्या बोटाला लावून पाहिला: अठ्ठ्याऐंशी.
चारचा फरक.
चारमध्ये काय काय मावतं.

रक्ताचा रिपोर्ट वाढलेला.
पण पोटुशीचं रक्त तसंही घट्ट व्हायला टपलेलं असतं,
बाळंतपणात सांडू नये म्हणून
आधीच पुरचुंड्या बांधून ठेवतं.
तो रिपोर्ट साक्षीला उभा राहतो
आणि दोन्ही बाजूंनी बोलतो.

छातीचा एक्स-रे कोरा.
डॉक्टर ताकुरी म्हणतात,
कोऱ्या कागदावर मी सही करत नाही.
मोठं मशीन हुलियाकाला,
आणि रस्त्यावर आज संपाचे दगड.
"आधी पाय बघ."

फुप्फुसाची चौकशी पायापासून,
याचं शिकताना हसू यायचं:
चोर माळ्यावर, आणि आपण
उंबऱ्याशी चिखलाची पावलं शोधतोय.

डावा पाय. थंड जेली. "आलालाउ!" ती ओरडली.
रोहिणी उडत राहते, ती दाद देत नाही.
शीर मात्र दाबली की मिटते,
पेंगुळलेल्या पोराच्या पापणीसारखी.
जांघेत मिटली.
मांडीत मिटली.
गुडघ्यामागे
मी पुन्हा दाबलं
गुडघ्यामागे ती उघडीच राहिली,
माझ्याकडे बघत.

मग हुलियाका नको, तिच्या छातीवर किरणांचा झोत नको.
पायात सापडलं तेच वरचंही उत्तर धरायचं,
औषध एकच आहे.
पोटात सुई, सकाळी आणि रात्री.
"त्याला टोचेल?"
नाही, म्हटलं. औषधही वारेपाशी थांबतं,
पलीकडे जात नाही.
तिने मान हलवली.
पटलं म्हणून नव्हे, दुसरा हिशेब मांडायचा होता म्हणून.

बाहेर बादलीत सात ट्राउट आहेत, म्हणाली,
जाऊ विकेल, पण भाव पाडेल.
तुम्ही सांगता का तिला, आठच्या खाली देऊ नको?

मी जेली पुसत होते.
सांगते, म्हटलं.