जुनं पेट्रोल

कवलापूर फाट्यावर इलाही शिकलगारांचं गॅरेज.
दाराशी वाळूची बादली,
खिळ्याला पिशवी, तीत सगळ्यांचे मोबाइल.
तिन्ही शटरं वर.
"पेट्रोल सांडलेलं दिसतं, ताई.
जमिनीलगत सरपटतं ते दिसत न्हाई."

दोन वर्षं उभी होती गाडी,
डॉक्टर गेल्यापासून.
मृणालनं ती टोचन लावून आणली.

चाचांनी आधी बॅटरीची वायर काढली.
मी म्हटलं, मेलीय की ती.
"मेली म्हणून भरवसा धरतोस व्हय?"
मग टाकीचं झाकण, सावकाश,
रुसलेल्याला हाक मारावी तसं.
फुस्स.
पाइपाच्या जोडावर फडकं गुंडाळून
उरलासुरला दाब.

मी नळी तोंडाकडं नेली
आणि मनगटावर चापट बसली.
"तासगावात ओढलं हुतं मी एकदा.
आठ दिवस ढेकरेला वास."
हातपंपानं उपसलं मग.

काकवीच्या रंगाचं आलं,
वास वॉर्निशचा.
जाळी काळी, फिल्टर चोंदलेला.

"बाबांनी भरलेलं शेवटचं," ती म्हणाली,
"एवढीशी बाटली नेऊ?"
चाचांनी मान वर केली नाही.
"घरात न्हाई ठिवायचं."
कॅनचं बूच तिनंच आवळलं,
लागलं तेवढं बोटांना लागलं.

संध्याकाळी नवं पाच लिटर.
पंप घुमला, तिसऱ्या किल्लीला
इंजिन खोकलं, लागलं.

मी साबण पुढं केला.
तिनं हात धुतले नाहीत.
चाचांनी पाहिलं, फडक्याला हात पुसले,
"असू द्या. पण घरी गेल्या गेल्या
गॅसपाशी जाऊ नका तेवढं."