तळमजला, नेरूळ

भाव ठरला होता, टोकन तेवढं द्यायचं होतं,
तेव्हा मी म्हटलं, आधी कुणाला तरी दाखवू.
हेरंब म्हणाला, अगं, आपण चारदा पाहिलं की.
पाहिलं होतं:
खिडकीतला कढीपत्ता, शाळा किती मिनिटांवर,
ओट्याची उंची माझ्या कंबरेशी जुळते का.
भिंत आपण बघतो ती रंगापर्यंतच.

शनिवारी तांडेल मॅडम आल्या.
स्कूटीच्या डिकीतून काढली एक हातोडी, टॉर्च,
लेझरचा टेप, आणि दोन दातांचं एक यंत्र,
भिंतीला चावलं की आकडा सांगणारं.
चपला दाराबाहेर. मग बोलल्याच नाहीत.

ठक. ठक.
लादीमागून लादी, गुडघ्यांवर बसून,
कान असा तिरका, कलिंगड घेताना आपण करतो तसा.
ठक, ठक, आणि मध्येच ठब्ब.
खडूनं फुली.
बाथरूमच्या उंबऱ्यापाशी ओळीनं तीन फुल्या.
विश्वनाथन अंकल दर फुलीला
चष्मा काढून पुसत होते.

कार्पेट अठरा चौरस फूट कमी भरला.
बाल्कनीच्या बीममध्ये सळई फुगलेली.
"हे कपाट सरकवता येईल?"
थोडा वेळ कुणीच हललं नाही.
मग अंकलनीच एक बाजू धरली.

मागे ओल होती.
नुसती ओल नाही: तिच्यावर आडव्या रेघा,
पेन्सिलीच्या, पट्टी लावून ओढलेल्या,
आणि प्रत्येकीशी बारीक अक्षरात तारीख.
ऑगस्ट ९६, घोट्याइतकी.
दोन हजार पाचची एकदम गुडघ्याला.
मग सावकाश, बोट बोट, वर.
"कारखान्यात क्वालिटीला होतो," ते म्हणाले,
"सवय. घराला दरवेळी रंग दिला. ही जागा सोडून."
लपवलंही होतं, नोंदही ठेवली होती.
माझा राग निम्म्यात अडला.

मॅडमनी यंत्र शेवटच्या रेघेवर टेकवलं,
आकडा लिहिला, आणि पहिल्यांदा हसल्या.
"आमचंच खाजण हे. आजोबा भात लावायचे.
खाडीच्या अंगाला बांध. चिंबोरीनं भोक पाडलं
की खारं पाणी आत. वडील सांगतात,
म्हातारा अंधारात टाचेनं बांध ठोकत जायचा
आणि बरोब्बर पोकळ जागी थांबायचा.
फी नाय घ्यायचा."
मग सिडको आली, भराव पडला, सेक्टर झाला,
हे त्या बोलल्या नाहीत. आम्हीही विचारलं नाही.
टॉर्च विझवून पावतीपुस्तक काढलं.

अहवाल मंगळवारी आला, अकरा पानी.
"घेऊ नका" कुठेही नव्हतं. "घ्या" असंही नाही.
दुरुस्ती अंदाजे दोन लाख चाळीस हजार.
अंकलनी तेवढे भावातून कमी केले, वाद न घालता,
आणि फोन ठेवताना विचारलं,
पट्टी तिथेच ठेवून जाऊ का.

काल रात्री हेरंब रंगांची पुस्तिका घेऊन बसला होता.
हॉलला फिकट पिस्ता. आत मोतिया.
आणि कपाटामागच्या त्या भिंतीला?
मी म्हटलं, तिला नको.
इतक्यात नको. आधी एक पावसाळा जाऊ दे.