शून्य कुठे धरलंस?

सिडकोच्या सहाव्या स्कीममध्ये, जिन्याखालच्या खोलीत
मी एक नदी बनवते आहे.
नदी म्हणजे अजून नुसता निळा चौकोन
आणि दर सेकंदाला वाढणारी एक संख्या.

घाटावर दुतोंड्या मारुती उभा केलाय.
चार दिवस त्याचे गुडघेच नीट होत नव्हते.
पाणी घोट्याला लागलं की पहिली लेव्हल,
कमरेला दुसरी,
छातीला लागलं की हातगाडी घेऊन पळायचं,
भांडीबाजारातली दुकानं रिकामी करायची.
नाशिकच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.
बंगळुरूच्या माणसाला लागलं.
इंटरव्ह्यूत म्हणाला, छान आहे, पण यात शत्रू कोण?
मी म्हटलं, पाणी.
तो म्हणाला, कळवतो.

आई पाहुण्यांना सांगते, कॉम्प्युटरमध्ये आहे.
खोटं नाही.
दिवसा कॉलेज रोडच्या क्लासात मी उसळता चेंडू शिकवते,
पुढच्या बॅचला पुन्हा तोच चेंडू.

आवाज निहाल शेख पाठवतो, फुकट.
रात्री एकला रामकुंडाच्या पुढे जाऊन
पितळी हंडा बुडवून टिपलेली गुडगुड,
बारा फाइली, बाराव्यात कुत्रं भुंकतं.
कुत्रं मी ठेवलं.

मार्चमध्ये माझा हातगाडीवाला जमिनीतून पडायला लागला.
दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला की खाली,
दगडाखाली, नदीखाली,
जिथे मी रंगसुद्धा भरला नव्हता तिथे,
उणे चार हजार, उणे पाच,
पाय हलवत, जणू चालतोच आहे.
तळ नव्हता, कारण मी केला नव्हता.
त्याच आठवड्यात क्लासने पगार अर्धा केला.

अण्णा सेकंड शिफ्ट करून आले.
अंबडला सीएनसीवर एकवीस वर्षं,
शर्टाला कूलंटचा वास.
डबा हातात तसाच, मागे उभे राहून म्हणाले,
शून्य कुठे धरलंस?
काय?
जॉब लावला की आधी शून्य धरायचं.
ते चुकलं तर टूल सरळ बेडमध्ये घुसतं.

बघितलं.
मारुतीचं शून्य त्याच्या पायाशी.
घाटाचं, हवेत कुठेतरी.
मध्ये दीड मीटर.
दीड मीटर! अण्णा पहिल्यांदाच हसले या खोलीत,
आमच्याकडे केसभराला मेमो मिळतो.

मग बसले.
कंट्रोलर धरला बॅटरी धरावी तसा,
आणि काहीच दाबलं नाही.
मारुतीशेजारी उभे राहून पाणी बघत राहिले.
घोटा.
कंबर.
पळा ना अण्णा.
थांब.
छाती, खांदे, मग दोन्ही तोंडं बुडाली
आणि संख्या वाढतच गेली.
यापुढचं मी लिहिलंच नव्हतं.
न पळणारा माणूस
माझ्या खेळात कुणी धरलाच नव्हता.

बऱ्याच वेळाने म्हणाले,
उतरत नाही का हे?

ते झोपले. उद्या फर्स्ट शिफ्ट.
मी फाइल उघडली.
चढण्याला एक ओळ पुरली होती.
उतरण्याला सदतीस लागल्या:
पायऱ्यांवरचा गाळ,
रेलिंगला अडकलेली कुणाची तरी चप्पल,
आणि भिंतीवर ती ओली रेघ
जिच्याकडे बोट दाखवून लोक पुढे वर्षानुवर्षं सांगतात,
इथपर्यंत आलं होतं.

पहाटे चारला मारुतीचं एक तोंड बाहेर आलं.
एकच.
दुसरं अजून पाण्यात,
म्हणजे कुठेतरी शून्य पुन्हा चुकलंय.
कुत्रं भुंकलं.
फाइलीतलं की गल्लीतलं, कळलं नाही.