रुमालाखाली

विश्रामबागच्या त्या दुकानात एवढा उजेड
की नखांतली हळद माझी मलाच नवी वाटली.
पोरानं पांढरे हातमोजे चढवले, ट्रे काढला.
"काका, जावयासाठी?"
"नाही. मला."
एवढं बोलायला छप्पन्न वर्षं गेली.

किमतीची चिठ्ठी उलटी ठेवलेली.
मी सुलटी केली. परत उलटी ठेवली.
सेल नाही, म्हणाला, हात हलता राहिला की चालतं,
दोन दिवस काढून ठेवलं तर बंद.
मग जमेल आपल्याला.
निळ्या डायलचं देखणं होतं.
मी पांढऱ्या पट्ट्याचं घेतलं,
पिवळं होणार हे ठाऊक असून.

घरी शकूला एक शून्य कमी सांगितलं.
ती म्हणाली, तरी महागच की.

यार्डात हल्ली सौदे उघडे होतात,
पण बाबगोंडा शेट जुना माणूस,
एखाद्या वक्कलाला अजून रुमाल टाकतो.
रुमालाखाली त्याची बोटं माझ्या तळव्यात आली,
भाव सांगायचा सोडून वर सरकली,
काचेवरून एकदा फिरली, सावकाश,
आंधळ्यानं नातवाचं तोंड चाचपावं तशी.
चेहरा त्यानं हलू दिला नाही. मीही नाही.

मग बोटं खाली आली
आणि भाव सांगितला,
कालच्यापेक्षा शंभरानं कमी.