सुताराची चूक

कास्तामोनूच्या नव्या कोर्टाचं लाकूडकाम माझ्याकडे आलं
तेव्हा नकाशा थेट अंकाराहून आला होता.
तीन पायऱ्या, वर चौथरा,
चौथऱ्यावर न्यायाधीशांची खुर्ची
आणि त्याच रांगेत, जरा बाजूला,
सरकारी वकिलांची.
आरोपीचा वकील खाली, फरशीवर,
आपल्यासारखा.

मुकादमाला विचारलं, हे असंच ना?
तो म्हणाला, पाणसळ धर आणि गप बस.
धरली.
बुडबुडा मधोमध येऊन थांबला,
सुताचाही फरक नव्हता.

चहाच्या दुकानात वकील मंडळी हसायची,
"सरकारी वकील वर बसतो, ती सुताराची चूक."
जुना विनोद आहे आमच्याकडचा,
माझ्या आधीच्या सुतारांनीही ऐकलेला.
मी साखर ढवळत राहायचो.
चाळीस वर्षं रंधा मारलाय, माझ्या चुका मला पाठ आहेत.
मशिदीच्या मागच्या दाराची बिजागरी.
थोरलीच्या रुखवताच्या पेटीचं झाकण.
चौथरा त्यांत नाही.

मग अझदावायच्या दुर्सुनवर खटला झाला,
सरकारी जंगलातली अकरा चेस्टनटची झाडं.
मला साक्षीला बोलावलं, लाकूड ओळखायला.
माझंच काम मी पहिल्यांदा खालून पाहिलं.

नेर्मिन बाई आणि ओर्कुन साहेब
एकाच दारातून आले,
कुणाच्या तरी साखरपुड्याचं बोलत.
दुर्सुन दुसऱ्या दारातून, टोपी मुठीत.

लाकूड मी ओळखलं. खोटं कसं बोलू,
वास येत होता.
तेव्हा दुर्सुन म्हणाला,
"बाई, माझी अकरा. पण त्या रात्री ट्रक भरून गेला
तो कुणाचा, ते कुणी विचारेल का?"

नेर्मिन बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.
म्हणाल्या, "माझ्यासमोर अकराच झाडं आलीत.
ट्रकचं मी सरकारी वकिलांच्या कचेरीला
लेखी कळवू शकते."
आणि मान किंचित वळवली.
ओर्कुन साहेब हातभर अंतरावर होते.
नजर वर करावी लागली नाही, खालीही नाही.
ते फाइलची नाडी बांधत होते.

निकालाआधी सगळ्यांना बाहेर काढलं.
सगळ्यांना म्हणजे आम्हाला.
दाराला कान लावायची गरज नव्हती,
दार माझंच, पातळ.
चमच्यांचा आवाज आला, दोन ग्लासांत.
नेर्मिन बाईंनी कमीत कमी शिक्षा दिली, तीही तहकूब ठेवून.
एवढं त्यांच्या हातात होतं, एवढं त्यांनी केलं.
ताटात जे वाढलं त्यातलं मीठ तेवढं बाजूला सारलं.
वाढणाऱ्याचा हात कोण धरणार?

हिवाळ्यात पायरी कुरकुरते म्हणून निरोप आला.
कोर्ट रिकामं होतं. पायरी दुरुस्त केली.
मग नेर्मिन बाईंच्या खुर्चीच्या चारी पायांखाली
चेस्टनटच्या चार चकत्या सरकवल्या,
सूतभर जाडीच्या.
कुणाला दिसणार नाही, म्हटलं.
लाकडाला तरी कळेल.

तिसऱ्या दिवशी एक निसटली.
खुर्ची डुगडुगली, ऐन साक्षीत,
आणि ओर्कुन साहेबांनीच तिला हात दिला म्हणे.
हे माझ्या चुकांत धरा.
उरलेल्या तीन चकत्या
शिपाई दुकानात घेऊन आला,
सरकारी पाकिटात, शिक्क्यासकट.
पोच म्हणून माझी सही लागली.